रहस्यविनोदी चित्रपट आणि 'चौथी भिंत' : एका संज्ञेची चिकित्सा

पाश्चात्त्य नाट्यविचारातून मराठी समीक्षेत आलेल्या ज्या संज्ञा आज पदव्युत्तर प्रबंधांत सर्रास आढळतात, त्यांत 'चौथी भिंत' ही एक होय. रंगमंचाला तीन बाजूंनी भिंती असतात. प्रेक्षकांच्या बाजूची चौथी भिंत कल्पिलेली असते, आणि ती खरीच उभी आहे असे समजून नटाने वागावे, असा उपदेश दिदरो या फ्रेंच तत्त्वज्ञाने नाट्यकाव्यावरील आपल्या १७५८ च्या निबंधात केला. पुढे वास्तववादी रंगभूमीने या उपदेशाचा नियम केला, आणि एकदा नियम झाल्यावर तो मोडण्यातील गंमतही ओघानेच आली. नट मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलला की 'चौथी भिंत भंगली' असे म्हणावयाचे, आणि लगेच त्यापुढे ब्रेख्तचे नाव जोडावयाचे, हा आता जवळजवळ शिरस्ताच झाला आहे. या शिरस्त्यात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. भिंत मोडावयाची तर ती अगोदर असावी लागते. ज्या परंपरेत ती कधी बांधलीच गेली नाही, त्या परंपरेत वाढलेला प्रेक्षक नटाने आपल्याकडे पाहिल्यावर हसतो तो नेमका कशाला?

या प्रश्नाचा विचार करण्यास रहस्यविनोदी चित्रपट हे विशेष सोयीचे क्षेत्र आहे. विनोदी चित्रपटात पात्राने प्रेक्षकाशी सलगी करणे मुळीच नवे नाही. परंतु रहस्यकथा ही सर्व कथाप्रकारांत अत्यंत बंदिस्त अशी रचना होय. तिचा सारा डोलारा ज्ञानाच्या विषम वाटपावर उभा असतो. गुन्हेगाराला सर्व ठाऊक असते, गुप्तहेराला थोडे ठाऊक असते, आणि प्रेक्षकाला लेखक देईल तेवढेच मिळते. प्रेक्षकाशी परस्पर संधान बांधणे हा या रचनेत केवळ शिष्टाचाराचा भंग नसून कराराचाच भंग ठरतो. म्हणूनच येथे प्रेक्षकाभिमुख विनोद अधिक धोक्याचा, आणि साधला तर अधिक फलदायी असतो.

मात्र रहस्यकथेच्या बंदिस्तपणाविषयीही फार भाबडे राहून चालणार नाही. कथेच्या अखेरीस गुप्तहेर सर्व संशयितांना एका दालनात बसवितो आणि गुन्ह्याची उकल पायरीपायरीने सांगतो, हा प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. त्या दालनातील निम्म्या मंडळींना त्या निरूपणाची काडीमात्र गरज नसते. खुन्याला तर ती मुळीच नसते. ते निरूपण वस्तुतः प्रेक्षकासाठी असते, आणि संशयितांचा मेळावा हे केवळ निमित्त. तसेच अमेरिकन गुन्हेपटांतील ते थकल्या आवाजातले आत्मनिवेदन. गुप्तहेर पावसात भिजत एकटाच चालला आहे आणि पडद्यामागून त्याचाच आवाज आपली कर्मकथा ऐकवीत आहे. हा आवाज कोणाला उद्देशून आहे? म्हणजे प्रेक्षकाशी बोलण्याची एक चोरवाट या कथाप्रकाराने मुळातच राखून ठेवली होती. विनोदी चित्रपटाने नवे भगदाड पाडले नाही. त्या चोरवाटेवरचा पडदा तेवढा दूर केला.

हे ध्यानात घेतले म्हणजे बॉब होपचा 'माय फेव्हरिट ब्रुनेट' (१९४७) हा चित्रपट नीट उलगडतो. लहान मुलांची छायाचित्रे काढणारा एक भित्रा छायाचित्रकार शेजारच्या कचेरीतील खऱ्या गुप्तहेराच्या जागी चुकून उभा राहतो आणि एका कारस्थानात गुरफटतो. ही हकिकत तो सांगतो ती तुरुंगात, देहान्तशासनाची वाट पाहत. गुन्हेपटातील ते गंभीर आत्मनिवेदन येथे एका बढाईखोर घाबरटाच्या तोंडी आले आहे, आणि विनोदाचे अर्धे काम तेथेच झाले आहे. खरा गुप्तहेर म्हणून क्षणभर दिसतो तो अ‍ॅलन लॅड, त्या काळी गुन्हेपटांचा नामांकित नायक. आणि शेवटी शिक्षा रद्द झाल्याने हिरमुसलेला दंडपाशिक म्हणून उभा राहतो तो बिंग क्रॉसबी, म्हणजे होपचा पडद्यावरील नित्याचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. त्याला उद्देशून होप जो शेरा मारतो तो कथेतील छायाचित्रकाराचा नाही. तो नटाने नटावर मारलेला आहे, आणि त्याचा श्रोता प्रेक्षक आहे. मार्क्स बंधूंच्या 'द बिग स्टोअर' (१९४१) मध्ये ग्राउचो मार्क्स हा फ्लायव्हील नावाचा खासगी गुप्तहेर आहे. एका प्रसंगी पोशाखाचे वर्णन करता करता तो सुचवितो की हा झगा वास्तविक भडक तांबडा आहे, पण रंगीत चित्रण फार महाग पडते. हा विनोद कथेतील दुकानाविषयी नाही, चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या हिशेबाविषयी आहे. कृष्णधवल पडद्यावर बसलेल्या प्रेक्षकाला आपण काय पाहत नाही आहो याची जाणीव करून देणारा गुप्तहेर ही कल्पना मोठी मार्मिक आहे. मात्र तेवढ्या एका वाक्यापलीकडे तो चित्रपट तिचा काही उपयोग करीत नाही, हेही खरे.

याहून मूलगामी प्रयोग बस्टर कीटनने १९२४ सालीच करून ठेवला होता. 'शरलॉक ज्युनियर' या सुमारे पाऊण तासाच्या मूकपटात चित्रपटगृहातील यंत्रचालक गुप्तहेर होण्याची स्वप्ने पाहतो. घड्याळ चोरल्याचा आळ त्याच्यावर आला आहे. यंत्राशेजारी त्याला झोप लागते, आणि स्वप्नात तो प्रेक्षागारातून चालत जाऊन सरळ पडद्यात शिरतो. येथे भिंत ओलांडली जाते ती आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत. पडदा मात्र त्याला सहजासहजी सामावून घेत नाही. तो एका जागी उभा राहतो तोच त्याच्याभोवतीचे दृश्य बदलते, आणि बाकावर बसू पाहणारा हा प्राणी भलत्याच ठिकाणी आपटतो. आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. नायक पडद्यातील भव्य तपासात गुंतला असताना प्रत्यक्ष चोरीचा छडा लावते ती त्याची प्रेयसी, एका साध्या चौकशीने. गुप्तहेरपटाच्या भव्यतेवर याहून सौम्य आणि याहून नेमका शेरा क्वचितच मारला गेला असेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. आपल्याकडील नाट्यशास्त्राने प्रेक्षकाचे अस्तित्व कधी नाकारले नाही. स्वगत, प्रकाश, जनान्तिक, अपवारित हे संकेत म्हणजे कोणते वाक्य कोणी ऐकावयाचे आणि कोणी न ऐकल्यासारखे करावयाचे याची एक सुव्यवस्थित वाटणीच होय. जनान्तिकासाठी त्रिपताक हस्ताची खूण केली की रंगमंचावरील इतर पात्रे बहिरी होतात. प्रेक्षक मात्र कधीच बहिरा होत नाही. ज्ञानाचे विषम वाटप हे रहस्यकथेचे जे मर्म वर सांगितले, त्याचे व्याकरण येथे अगोदरच सिद्ध आहे.

आणि गुन्ह्याचा विनोद पाहावयाचा तर 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकाकडे पाहावे. शर्विलक हा ब्राह्मण चोर मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मापाची दोरी विसरल्याचे लक्षात येताच जानव्याने माप घेतो, आणि ब्राह्मणाला, विशेषतः आपल्यासारख्याला, जानव्याचा केवढा उपयोग असतो ते विस्ताराने सांगतो. हे सारे तो कोणाला सांगतो? घरातील सर्व माणसे झोपली आहेत. ऐकणारा एकटा प्रेक्षक आहे आणि तो आपोआपच चोरीत सामील झाला आहे. उद्या नगरवासी हे भोक पाहून आपल्या कौशल्याची वाखाणणी करतील अशी शर्विलकाला आशा आहे, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द चारुदत्त, ज्याचे घर फुटले तोच, त्या भोकाच्या कारागिरीवर लुब्ध होतो. येथे भिंत खरोखरच फोडली जाते, पण ती चारुदत्ताच्या घराची. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये फोडावयास भिंत नव्हतीच. देवलांच्या 'मृच्छकटिका'मुळे हा प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचा झाला, आणि शर्विलकाने आपल्याशी बोलावे यात त्याला काही वावगे वाटले असेल असे मानण्यास जागा नाही.

लोकरंगभूमीविषयी तर बोलावयासच नको. तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात प्रेक्षकाला वगळून काही घडतच नाही. सोंगाड्या हा राजाशी बोलता बोलता समोरच्या पाटलाशी बोलतो, आणि पुढचे वाक्य पुन्हा राजाशी. वसंत सबनीसांच्या 'छपरी पलंगाचा वग' या वगनाट्याला 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने १९६५ पासून जी लोकप्रियता लाभली, तिच्यात कोतवालीवर डोळा ठेवून असलेल्या हवालदाराची भूमिका करणाऱ्या दादा कोंडके यांच्या हजरजबाबीपणाचा वाटा मोठा होता. ताज्या राजकीय घडामोडी त्या प्रयोगात येत आणि जात. हवालदार म्हणजे वास्तविक तपास करणारा, चोराला पकडणारा. तमाशाने त्याच्याकडे प्रेक्षकाशी संधान बांधण्याचे काम सोपविले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सत्तेचा सर्वांत खालच्या पायरीवरचा हा मनुष्य वरच्यांची बिंगे जाणतो आणि ती खालच्यांना सांगतो.

मराठी रंगभूमीवर भिंत आली ती उशिरा. नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'चा प्रयोग झाला १९३३ साली, आणि बंदिस्त दिवाणखान्याचे नाटक आपल्याकडे त्यानंतर स्थिरावू लागले. तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रेक्षकाभिमुखता हे बंड नसून पूर्वस्मृती आहे, असे म्हणावे लागते. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' असे रूपांतर केले, त्या शीर्षकातच हा विचार सुचविला गेला आहे. दुरावा निर्माण करण्यासाठी युरोपीय नाटककाराने जे साधन योजले, ते येथे जवळीक निर्माण करण्याचे जुने साधन होते. एकच साधन, परंतु परिणाम उलट. ब्रेख्तचे नाव घेऊन थांबणाऱ्या समीक्षेत नेमका हाच फरक पुसला जातो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. ही पूर्वस्मृती चित्रपटाला कितपत लागू पडते? तमाशातील सोंगाड्याने प्रेक्षकाला डिवचले तर प्रेक्षक उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर सोंगाड्याला पुढचे वाक्य पुरविते. पडद्यावरचा नट जेव्हा आपल्याकडे पाहतो, तेव्हा तो वस्तुतः एका काचेच्या भिंगाकडे पाहत असतो. समोर कोणी नसतो. आणि आपण त्याला उत्तर देतो तेव्हा तो कित्येक महिन्यांपूर्वीच निघून गेलेला असतो. चित्रपटातील प्रेक्षकाभिमुखता ही संवाद नसून संवादाचे सोंग आहे.

दादा कोंडके यांच्या रंगभूमीवरून पडद्याकडे झालेल्या प्रवासात ही अडचण स्पष्ट दिसते. 'विच्छा'तील हवालदारानंतर दहा वर्षांनी, १९७५ साली, 'पांडू हवलदार' आला. वेष तोच, भोळेपणाच्या आड दडलेला चतुरपणा तोच. पण रोज बदलणारी बतावणी फितीवर गोठविता येत नाही. मग तिची जागा कशाने घ्यावयाची? कोंडके यांच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांवर अभिरुचीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याकडे या अंगानेही पाहावयास हवे. द्व्यर्थी वाक्याचा दुसरा अर्थ पडद्यावर कोणी उच्चारत नाही. तो प्रेक्षकाने आपल्या मनात पुरा करावयाचा असतो. ज्याने तो पुरा केला तो हसतो, आणि हसला म्हणजे पकडला गेला. समोर नसलेल्या प्रेक्षकाकडून उत्तर काढून घेण्याची ही युक्ती होय. ती पुढे पुढे यांत्रिक झाली हे मान्य. पण तिचा उगम बतावणीत आहे, केवळ चावटपणात नाही.

ही सर्व सूत्रे एकत्र येतात ती मराठी चित्रपटात नव्हे, तर मुंबईच्या मातीतून उगवलेल्या एका हिंदी चित्रपटात. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) हा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अर्थसाहाय्याने अल्प खर्चात निघालेला चित्रपट. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे छायाचित्रकार, शोभा ही 'खबरदार'ची संपादिका (ही भूमिका भक्ती बर्वे यांची), तरनेजा आणि आहुजा हे परस्परांचे वैरी असलेले बांधकाम ठेकेदार, आणि खून होतो तो डिमेलो या पालिका आयुक्ताचा. बागेत काढलेल्या छायाचित्राचे वर्धन करता करता खून उघडकीस येतो. आन्तोनिओनीच्या 'ब्लो-अप'चे (१९६६) हे उघड स्मरण आहे, आणि ते लपविण्याऐवजी त्या बागेलाच आन्तोनिओनीचे नाव दिले आहे. गुप्त निरोपाचे सांकेतिक वाक्य म्हणून सईद मिर्झा यांच्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) या चित्रपटाचे शीर्षक योजले आहे. आणि त्या चित्रपटातील अल्बर्ट पिंटो म्हणजे नसीरुद्दीन शाह, जे येथे विनोद झाले आहेत. नायकांची नावे तर चित्रपटाच्याच निर्मितीत गुंतलेल्या विधु विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा यांची.

या कोपरखळ्या होत. त्या ज्याला कळतील त्यालाच कळतात. येथपर्यंत हा चित्रपट बॉब होपच्या मार्गानेच चालला आहे असे म्हणता येईल. खरा विषय आहे तो महाभारताच्या नाट्यप्रयोगाचा प्रसंग. डिमेलोचे शव लपविण्यासाठी त्याला द्रौपदीचा वेष चढविला जातो, आणि पाठलाग करणारे सर्व जण एकेक पौराणिक वेष चढवून रंगमंचावर घुसतात. वस्त्रहरण झाले तर शव उघडे पडेल. म्हणून दुर्योधनाला अकस्मात सद्बुद्धी सुचते. दुःशासनाच्या भूमिकेतील नट (हे स्वतः विधु विनोद चोप्रा) संहितेला चिकटून राहू पाहतो, आंधळा धृतराष्ट्र काय चालले आहे ते पुनःपुन्हा विचारतो, आणि अखेर सलीमही त्या दरबारात येऊन थडकतो. रंगमंचाची चौकट शतखंड होते, परंतु चित्रपटातील प्रेक्षक जागेवरून उठत नाहीत. ते टाळ्या वाजवितात.

या प्रसंगाचे सामर्थ्य केवळ गोंधळात नाही. शव म्हणजे पुरावा. खुनाचा सर्वांत मोठा पुरावा भर प्रकाशात, शेकडो लोकांसमोर उभा आहे, आणि तो पुरावा आहे हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते आपल्याला. रहस्यकथेतील ज्ञानाचे वाटप येथे पूर्ण उलटे झाले आहे : चित्रपटाबाहेरचा प्रेक्षक सर्वज्ञ, आणि चित्रपटातला प्रेक्षक, जो अगदी आपल्यासारखाच अंधारात बसून हसतो आहे, तो आंधळा. त्याच्या हसण्याला आपण हसतो, आणि तेही त्याच्याच आवाजात.

म्हणून अखेरचा प्रसंग एवढा झोंबतो. रहस्यकथेच्या शेवटी गुप्तहेराने सर्वांना जमवून उकल सांगावयाची असते. येथे ती सांगावयास कोणी जमत नाही. ठेकेदार, संपादिका, अधिकारी या सर्वांचा आपसांत समेट होतो, पूल कोसळल्याचा दोष दोघा छायाचित्रकारांच्या माथी येतो, आणि आशेचे एक सुपरिचित समूहगीत पार्श्वभूमीवर चालू असताना कैद्यांच्या वेषातील विनोद आणि सुधीर रस्त्यावरून चालत येऊन आपल्याकडे वळतात आणि गळा कापल्याची खूण करतात. होपचा छायाचित्रकारही निरपराध कैदी होता. पण त्याच्या प्रेक्षकाभिमुख शेऱ्याच्या अगोदर त्याची शिक्षा रद्द झाली होती, आणि शेरा हा त्या सुटकेचा उत्सव होता. येथे शिक्षा झाल्यावर दृष्टिक्षेप येतो. सत्य ठाऊक असलेला एकच साक्षीदार मोकळा उरला आहे, तो म्हणजे प्रेक्षक. आणि चित्रपटाच्या प्रेक्षकाला साक्ष देता येत नाही. पडद्यावरचा नट कोणालाच पाहत नसतो ही जी माध्यमाची उणीव वर सांगितली, तिचेच येथे आशयात रूपांतर झाले आहे. हा दृष्टिक्षेप बतावणीच्या जवळिकीतून निघालेला आहे आणि ब्रेख्तच्या दुराव्यापर्यंत पोचलेला आहे. दोहोंपैकी एका नावाने त्याची बोळवण करता येत नाही.

याच्या तुलनेत महेश कोठारे यांच्या चित्रपटांतील प्रकार अगदी साधा, पण दुर्लक्षणीय नव्हे. 'धूमधडाका' (१९८५) आणि 'झपाटलेला' (१९९३) या दोहोंत पात्रांची नावे नटांचीच आहेत : महेश आणि लक्ष्मीकांत. 'झपाटलेला'तील पोलीस अधिकारी महेश जाधव हा त्या चित्रपटाचा दिग्दर्शकही आहे, आणि त्याचा 'डॅम इट' हा उद्गार एका पात्राचा न राहता चित्रपटांमागून चित्रपटांत त्या नटाबरोबर फिरत राहिला. प्रेक्षक टाळी देतो ती पात्राला नव्हे, ओळखीला. 'जाने भी दो यारो'तील नावे निर्मितीमंडळातल्यांना हसवितात. कोठारे यांची नावे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतात. तमाशाच्या कनातीखालचा, सोंगाड्याला त्याच्या नावाने हाक मारणारा प्रेक्षक येथे कोठारे यांनी अधिक जवळ केला आहे. तात्या विंचूच्या बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांची कला आहे, म्हणजे शब्दभ्रमाची, निर्जीवाने प्रेक्षकाशी बोलण्याची कला, हाही योगायोग लक्षात घेण्याजोगा. मात्र ओळखीचा हा आनंद तपासाच्या कथेला कोठेही छेद देत नाही. कथा आपल्या वाटेने जाते आणि ओळख आपल्या. त्यामुळे हे चित्रपट हसवितात, अडवीत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरातील अभ्यासकाला या विषयाची साधने दूर शोधावी लागत नाहीत. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मॉलच्या पडद्यांवर अजिंठा-वेरूळ महोत्सवाच्या निमित्ताने देशोदेशींचे चित्रपट दाखविले गेले आहेत. आणि याच शहरातील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्या अभ्यासकाने तमाशाचा विचार लोकरंगभूमी म्हणून केला. या दोन गोष्टी एकाच शहरात असूनही प्रबंधांत त्या सहसा एकमेकींना भेटत नाहीत. चित्रपटाचा विद्यार्थी दिदरोपासून आरंभ करतो आणि तमाशाचा विद्यार्थी चित्रपटापाशी थांबतो. त्यातच बतावणीच्या छापील संहितांत प्रयोगागणिक बदलणारा मजकूर सापडत नाही, कारण तो लिहिला जात नव्हता. फितीवर मात्र कोंडके यांचे क्षणभराचे थांबणे, भिंगाच्या किंचित बाजूला गेलेली नजर, वाक्य अर्धवट सोडून घेतलेला श्वास, हे सर्व जसेच्या तसे शिल्लक आहे. प्रेक्षकाने कोठे उत्तर द्यावे म्हणून तो नट थांबत असे, हे त्या मोकळ्या सोडलेल्या जागांवरून आजही मोजता येते.